वाटपातली सून

आमचा पिढ्यान्‌पिढ्या मासळीचा धंदा, त्यामुळे चांगला मासा आम्हाला कधी खायला मिळाला नाही. सुरमई विकायची, पापलेट विकायचं आणि पाटीच्या तळाशी पोट फुटलेला जो बांगडा उरेल, तो घरी न्यायचा. खोबरं तर आई आमटीवरून नुसतं ओवाळून काढायची.

त्याच पाटीच्या जिवावर मी बी.कॉम. झालो (घराण्यातला पहिला, हे मी कुणी न विचारताही सांगतो). दोडामार्गला नोकरी लागली आणि भाड्याच्या खोलीत मी एकट्याने चूल मांडली. काय सांगू ते सुख! नारळाची अख्खी कवड, म्हणजे अर्धा नारळ, एका आमटीला. सुरमईचा मधला तुकडा माझा, शेपटीकडचाही माझाच. सोलकढी थेट टोपाला तोंड लावून. आणि उरलेली आमटी सकाळी घावण्यांबरोबर, बोटं चाटत, कुणाला 'तुला हवी का' असं न विचारता.

एवढं सुख पोटात मावेना, म्हणून सुट्टीला तारकर्लीजवळच्या आमच्या गावी जाताना मी बांगड्याच्या आमटीचा डबा घेऊन गेलो. तिथेच चुकलं.

आईने बोट बुडवून चाटलं, पुन्हा एकदा बुडवून चाटलं. मग म्हणाली, "कोणी रांदल्यान?"

"मिया रांदलंय."

"ह्या वाटप तुज्या हातचा नाय."

आमच्याकडे वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्याला, म्हणजे वाटपाला, सहीइतकी किंमत आहे. शेजारणीची आमटी डोळे मिटून ओळखतात. आईने लगेच मावशीला बोलावलं. मावशीची जीभ म्हणजे आमच्या वाडीचं हायकोर्ट. तिने वाटीभर आमटी चाखून निकाल दिला. धणे सढळ, म्हणजे मुलगी गोव्याच्या सीमेकडची. तिरफळं ठेचून घातलेली, म्हणजे घाईची, बहुतेक नोकरीवाली. आणि खोबऱ्याला घाबरत नाही, त्या अर्थी घरच्या माडांची. बाबांनी एवढंच विचारलं की माड किती.

मी शपथा घेतल्या. मोबाईलवर बघून शिकलो म्हणालो. आई म्हणाली, मोबाईलवर बघून शिजवलेल्याला अशी चव येत नाही. तिला मुलीचं वाईट वाटत नव्हतं, मी लपवतोय याचं वाटत होतं. "कालेजात घातलंय ता आवशीक फसवूक?" म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. पुढे फोनवरसुद्धा 'जेवलास काय' विचारणं बंद झालं. जेवू घालणारी आहे ना!

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या खोलीच्या दारात आई आणि मावशी उभ्या.

"सून बघूक इलंव," मावशी म्हणाली. "खंय आसा ती?"

उत्तराची वाट न बघता झडती सुरू झाली. खाटेखाली बघितलं, न्हाणीत बघितलं. आणि दारामागे अडकवलेला माझा एप्रन मावशीच्या हाती लागला. शर्ट खराब होतात म्हणून मी तो बाजारातून आणला होता. दुकानात एकच उरलेला: गुलाबी, फुलाफुलांचा, खाली झालर.

मावशीने तो दोन्ही हातांनी वर धरला. "ह्यो बघ तिचो झगो!"

आता दुसरा मार्ग नव्हता. मी तो झगा अंगात घातला (बरोब्बर बसला, हा आणखी एक पुरावा), बांगडे साफ केले, खोबरं खवलं, वाटप लावलं. आई माझ्या हातांवरची नजर काढेना. मावशी तर मागच्या दाराशी पाट टाकून बसली. कुणी बाहेरून टोप आत सरकवील, असा तिला वहीम!

पान वाढलं. मधला तुकडा आईच्या पानात घातला. सवयीने तिने तो माझ्याकडे सरकवला, मी परत सरकवला. तिने पहिला घास घेतला, मग भात पुन्हा मागितला. त्यानंतर परत एकदा.

"तूच रांदतंस रे," ती अखेर म्हणाली. आवाजात अभिमान होता की निराशा, ते मला अजून कळलेलं नाही.

मावशीने माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली, पण 'मुलगा उत्तम स्वयंपाक करतो' म्हटलं की मुलीकडचेच संशयाने बघतात. आई मात्र आता दर रविवारी पहिल्या एस.टी.ने येते, पंख्याखाली पाय पसरून बसते आणि आमटीत मीठ कमी पडलं तर टोमणे मारते. तिला सून हवी होती, ती मिळाली. दाढीवाली आहे, एवढंच.