दुसऱ्या खेपेला नवस नाही

एकट्या ताडाखालच्या चाओ फोसमोर, आमच्या राखणदार देवासमोर, जूम बावीस वर्षं नाचते आहे आणि त्यातला एकही नाच तिचा स्वतःचा नाही. कुणाच्या मुलाने सैन्यभरतीच्या सोडतीत काळी चिठ्ठी काढली आणि तो सुटला, कुणाला लॉटरी लागली, कुणाची जाऊ कोर्टात हरली, की ती माणसं फेच्चबुरीत आमच्या देवळात येतात आणि नवस फेडायला चार, सहा किंवा आठ नर्तिका सांगतात. देवाला आठ आवडतात, असं आमचे कारभारी लुंग वीरा, म्हणजे वीराकाका, यांचं निरीक्षण आहे. मी मागे बसून रनात वाजवतो. लाकडी पट्ट्यांवर हात सवयीने पडतात, त्यामुळे डोळे बघायला मोकळे असतात.

पंचेचाळिसाव्या वर्षी जूमने छाती वाढवून घेतली. लपवलं नाही. रजेच्या अर्जावर कारण म्हणून तेच लिहिलं. लुंग वीरांनी तो अर्ज घडी घालून फायलीत ठेवला. बाकीच्यांचे अर्ज ते उघडे ठेवतात.

"कोणासाठी?" हा प्रश्न बायकांनी विचारला. पुरुषांनी विचारला नाही. आपल्याला उत्तर माहीत आहे याची त्यांना खात्री होती. आमच्या नाचात अंगाभोवती शेला असा आवळून गुंडाळतात की आत काय आहे याचा देवालाही अंदाज येऊ नये. आणि जूमचा नवरा दहा वर्षांपूर्वी रायोंगला कामाला गेला तो तिकडचाच झाला.

"घरी आरसा आहे," जूम म्हणाली. "अठरा वर्षांची असल्यापासून त्याच्यात बघतेय. आता मला दुसरं काहीतरी बघायचंय."

तिच्या हातून चूक झाली ती आमच्यापैकी कुणाच्याही हातून झाली असती. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात नऊ उदबत्त्या लावून ती चाओ फोसमोर बसली आणि बोलून गेली: दोन्ही नीट झाली तर नऊ नाच, मी स्वतः, विनामोबदला.

उजवं नीट झालं. डावं सहा महिन्यांनी घट्ट होऊ लागलं आणि हळूहळू वर चढलं. प्रथम कळलं ते मालैला. मालै सगळ्यांना पोशाख चढवते. तिच्या हाताला डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं.

"अगं, तुझी एक बाजू प्रमोशन घेऊन वर गेलीय," ती टाचणी तोंडात धरून म्हणाली.

"बघितलंय."

"उजवीकडे रुमाल भरू का? समान दिसेल."

"भर. आणि उद्या परत दे, मालै. मागच्या वेळी घरी जाईपर्यंत आतच होता."

रुमालाने दिसणं सुधारलं, दुखणं नाही. हात डोक्यावर नेला की डावीकडे आतून ओढ बसायची, आणि आमच्या नाचात हात दर चौथ्या ठोक्याला डोक्यावर जातो.

मग सगळे शहाणे झाले. कुणी म्हणालं, टाके ओले असताना अंडं खाल्लं असशील. कुणी म्हणालं, बांबूचे कोंब. जिथे शस्त्रक्रिया झाली त्या क्लिनिकातली मुलगी म्हणाली, मालीश कमी पडलं. तिथल्या डॉक्टरांनी मात्र उदारपणा दाखवला: दुसरी शस्त्रक्रिया फुकट. फक्त जूमने त्यांच्याविरुद्ध इंटरनेटवर टाकलेली तक्रार काढून टाकायची आणि नव्या निकालाबरोबर हसतानाचा व्हिडिओ द्यायचा.

"हसणं हा माझा धंदा आहे," जूमने त्यांना सांगितलं. "तो मी फुकटात करत नाही."

नंतर ती बँकॉकला एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आल्यावर तिने वाद्यांच्या चटईवर बसून आम्हाला ती भेट जशीच्या तशी ऐकवली.

"बाई म्हणाल्या, आत परकी वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती पडदा विणतं. माझा डावीकडचा आवळला. मी विचारलं, अंड्यामुळे? नाही. नाचामुळे? नाही. नवस न फेडल्यामुळे? तर म्हणाल्या, त्यावर माझा अभ्यास नाही."

"मग आता?" मालैने विचारलं.

"पडदा काढून नवीन पिशवी बसवायची. किंवा दोन्ही काढून टाकायच्या. किंवा आहे तसं ठेवायचं. मी म्हटलं, परत आवळणार नाही याची खात्री द्या. म्हणाल्या, जो खात्री देईल त्याच्याकडे जाऊ नका."

"काढूनच टाक बाई. वय झालं आता."

"वय पहिल्या वेळीही झालं होतं."

तिला भीती नव्हती असं नाही. पहिल्या भुलीनंतर ती दोन दिवस ओकत होती. या वेळी सहा आठवडे हात वर करायचा नाही, आणि नंतर तो पूर्वीसारखा वर जाईलच असं बाईंनी लिहून दिलं नव्हतं. नर्तिकेजवळ हातांखेरीज फारसं काही नसतं. पंधरा दिवस तिचं ठरत नव्हतं. त्या पंधरा दिवसांत लुंग वीरांनी तिला गाठलं.

"आधी नऊ नाच फेड, मग सुरी लावून घे. नाहीतर उजवंही जाईल."

"मी दोन्ही मागितली होती, लुंग. मिळालं एक."

"देवाशी घासाघीस करतेस?"

"लॉटरी न लागलेला माणूस इथे कधी नाचवायला आलाय? बावीस वर्षांत एक दाखवा."

लुंग वीरांनी आठवून पाहिलं. ते प्रामाणिक आहेत, त्यामुळे वेळ लागला.

"तुझं अर्धं तरी झालंय ना?"

"अर्ध्या छातीचा नवस नव्हता."

शुक्रवारी सकाळी देवळात गर्दी असताना ती देवासमोर गुडघे टेकून बसली. उदबत्त्या नव्हत्या. आमच्याकडे देवाशी पुटपुटत बोलतात. ती मालैशी बोलावं तशी बोलली.

"चाओ फो, मी जूम. मंगळवारी डावं पुन्हा करून घेतेय. या वेळी नवस नाही. बिघडलं तर डॉक्टरीणबाईंना जाब विचारीन, नीट झालं तर त्यांचे आभार मानीन. तुम्ही मध्ये पडू नका. आधीच्या नऊ नाचांचं तुम्हाला माहीत आहे, काम पुरं झालं नव्हतं."

तिने तीनदा वाकून नमस्कार केला, तोही व्यवस्थित. मागे बँकेच्या गणवेशातली एक तरुण बाई हार घेऊन आपली पाळी यायची वाट बघत होती. जूम उठताच तिने हळूच विचारलं, "ताई, त्या डॉक्टरीणबाईंचं नाव काय?"

"तुझं काय बिघडलंय?"

"अजून काही नाही. पुढच्या महिन्यात करणार आहे. तोच नवस बोलायला आले होते."

"क्लिनिक ठरलंय? मग आधी तिथे जाऊन विचार, बिघडलं तर काय करणार. विचारल्यावर ज्याला राग येईल, त्याच्यासमोरून ऊठ." तिने त्या बाईच्या फोनमध्ये नाव टाइप करून दिलं. "आता बोल नवस, हवा तर."

बाईने हार देवाच्या पायाशी ठेवला, नवस न बोलता नमस्कार केला आणि फोन बघत पायऱ्या उतरून गेली.

"आठ नर्तिकांचं गिऱ्हाईक होतं ते," लुंग वीरा म्हणाले. "घालवलंस."

"नीट झालं तर तिला बोलवा की नाचवायला. मी येईन, हात वर गेला तर."

"आणि नाही गेला तर?"

"तर मी तुमच्या शेजारी गल्ल्यावर बसेन," जूम म्हणाली आणि शेला गुंडाळून घ्यायला मालैकडे गेली.