पोचलात की कळवा

पोचकाकांचं खरं नाव सिंगापुरातल्या निम्म्या मराठी मंडळींना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या घरून कोणी निघालं की ते दारातच बजावायचे, "पोचलात की कळवा." अहो, पोचायचं कुठे, तर सेरंगूनहून आंग मो किओला! एमआरटी ट्रेनमध्ये नीट टेकावं तोवर उतरायची वेळ येते. पण कळवायला विसरलात, तर काकांचा फोन ठरलेला.

मी नोकरीसाठी पुण्याहून आले, ती त्यांच्याच फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहिले. काकू गेलेल्या, मुलगा लंडनला, त्यामुळे काकांच्या काळजीचा सगळा मारा माझ्यावर. भर मीटिंगमध्ये फोन वाजायचा, "पोचलीस ना?" मी वैतागून म्हणायचे, "काका, इथे पाकीट विसरलं तरी जागेवर सापडतं. माणूस कुठे हरवणार?"

"पाकिटाची वाट बघत कोणी बसत नाही, पोरी," ते म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

मग काकाच विसरायला लागले. एकदा खाली हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायला गेले आणि येताना दुसऱ्याच ब्लॉकमध्ये शिरून कोणाचं तरी दार वाजवत राहिले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा काकांनी एकच हट्ट धरला, "आठवतंय तोवर गावी जाऊन येतो." मुलाला रजा मिळेना. मी सोबत गेले.

गाव सह्याद्रीच्या ऐन पोटात. मोजकी घरं आणि तिन्ही बाजूंनी देवराई. तिथल्या झाडांना कधी कुऱ्हाड लागलेली नाही, त्यामुळे भरदुपारीही आत अंधार. मोबाइलला रेंज नाही. राईतल्या देवीला एकट्यानेच जायचं, अशी तिथली रीत. जाताना राईलगतच्या शेवटच्या घरात सांगायचं, मग त्या घरातलं कोणीतरी पायरीवर बसून राहतं. परतताना वेशीच्या दगडापाशी थांबून "आलो गं" अशी हाक द्यायची आणि पायरीवरून "ये" आल्याशिवाय दगड ओलांडायचा नाही. ते शेवटचं घर काकांचंच. त्या पायरीवर पूर्वी त्यांची आई बसायची. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"पोरी, आज तू बस," म्हणत काका नारळ घेऊन आत गेले. ज्याला स्वतःचा ब्लॉक सापडत नाही, त्या माणसाला मी त्या रानात एकटं सोडलं होतं! ऊन पायरीवरून उतरलं, तरी काकांचा पत्ता नाही. मी हाक मारायला उठले, तर काकांच्या वहिनींनी आतून येऊन माझा हात धरला.

"मागनं हाक न्हाई मारायची, बाय. बस."

"अहो, पण वाट आठवली नाही तर?"

"पायांना आठवंल." बोलल्या खऱ्या, पण आत तव्यावर त्यांची भाकरी करपत होती. मी मनातल्या मनात आठवेल त्या देवाला साकडं घालत होते आणि रेंज नसलेला फोन पुन्हापुन्हा बघत होते.

शेवटी पानं वाजली. काका दगडापाशी येऊन थांबले. शर्टभर काटे, केसांत पाचोळा. त्यांनी खणखणीत हाक दिली.

"आई, आलो गं!"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. काका काही दगड ओलांडेनात. ते माझ्याकडेच बघत होते. उत्तर देणं भागच होतं.

"ये रे बाळा," मी म्हटलं, "ये."

काका आले, माझ्याजवळ पायरीवर टेकले आणि म्हणाले, "भूक लागलीय."

सिंगापूरला परतल्यावर काका फार दिवस जगले नाहीत. शेवटच्या निरोपाला लंडनहून मुलगा आला, अवघं मराठी मंडळ लोटलं. एकेक जण फूल वाहून, पाया पडून पुढे सरकत होता. माझी पाळी आली. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "काका, पोचलात की कळवा."