पोचल्याचा फोन

कोट्झेब्यूच्या विमानतळावर वैमानिकाने प्रत्येकाला वजन विचारलं. विमान नऊ जणांचं, त्यामुळे हिशोब चोख लागतो. माझ्या नवऱ्याने, विनयने, चार किलो कमी सांगितले. मी त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःचेही तीन कमी केले. खाली तळी, दलदल, रस्ता एकही नाही. संध्याकाळी सहाच्या लख्ख उन्हात आम्ही अलास्काच्या किनाऱ्यावरच्या, इनुपियाक या मूळ रहिवाशांच्या एका गावात उतरलो.

नागपुरात तेव्हा सकाळचे साडेसात. आमचा ‘पोचलो’ असा फोन आल्याशिवाय माझी आई चहासुद्धा घेत नाही, आणि तिला मधुमेह आहे. बॉथेलच्या आमच्या घरून निघताना मी तिला मोठ्या तोंडाने म्हटलं होतं, "अमेरिका आहे गं, कुठूनही फोन लागतो." इथे सिग्नलचा पत्ता नव्हता.

"समुद्राखालची केबल हिवाळ्यात बर्फाने तोडली," घरमालकीण मार्था म्हणाली. "दुरुस्तीचं जहाज यायचंय."

"उद्या ट्राय करू ना," विनय म्हणाला.

"उद्यापर्यंत ती उपाशी बसेल, यार."

माझा जीव टांगणीला लागला होता. सत्तरीच्या मार्थाने समोर क्वाक (गोठलेला कच्चा मासा) ठेवला आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. तिला हसू आलं नाही. तिच्या लहानपणी रेडिओ केंद्र रोज निरोप वाचायचं: अमकीला मुलगा झाला, तमका सुखरूप पोचला. मग दवाखान्यात गावाचा एकुलता एक फोन आला, उपग्रहावरचा. बोलायचं आणि थांबायचं, कारण आवाज वर जाऊन खाली यायला वेळ लागे.

तिने भिंतीवरच्या वायरलेसचं बटण दाबलं. घरोघरी तो दिवसभर चालू असतो. "पाहुणीची आई उपाशी आहे. कुणाची लाइन चालू आहे?"

दवाखान्यातली नर्स बोलली, "इथला उपग्रहाचा फोन चालू आहे, आणि आत्ता पेशंटही नाही. पाठव."

दवाखान्यात जाऊन आईला फोन लावला, पण तिला थांबणं ठाऊक नाही. आमचे आवाज एकमेकांवर आदळत राहिले. शेवटी ‘पोचलो’ एवढंच तिच्या कानी पडलं आणि ती म्हणाली, "मग ठेव, चहा उकळतोय." मला रडूच आलं.

पुढचे तीन दिवस वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "आईने चहा घेतला ना?" अख्ख्या गावाने ऐकलं होतं. विनयला क्वाकही आवडायला लागला. निघताना मार्था म्हणाली, "घरी पोचलात की कळवा." हे वाक्य मी आजवर फक्त आपल्या माणसांकडून ऐकलं होतं.

बॉथेलला आल्यावर, पायातले बूटही न काढता, मी आधी दवाखान्याला फोन लावला. नर्सने रिसीव्हर वायरलेससमोर धरला. मी "पोचलो" म्हटलं आणि थांबले. एकेका घरातून आवाज आले, "बरं झालं." शेवटी मार्था: "आईला केलास?"

"आता करते."

"आधी तिला करायचा," ती रागावली.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस. तीही वाट बघत असेल. आता टाकते मी चहा."