डॉक्टरीणबाईंची बिनक्लचची गाडी

आमच्या बारामतीच्या गॅरेजात बिनक्लचची गाडी पहिल्यांदा आली ती डॉक्टरीणबाईंची. बाई गुरांच्या डॉक्टर. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट. क्लच दाबणं जमणार नाही, म्हणून मुंबईहून जुनी जपानी ऑटोमॅटिक गाडी आणलेली. तिच्यातून बाई एकट्या वडगावपासून सणसरपर्यंत गोठे पालथे घालायच्या. असली जिगर मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

त्या दिवशी गाडी रडतरखडत आली. तिसरा गिअर सोडायलाच तयार नाही, वर डॅशबोर्डवर दिवा लुकलुकतोय.

"मिस्त्री, पुण्याला टेबलावरच्या कामासाठी माझी बदली निघतेय," बाई म्हणाल्या. "गाडी असेल तर नको म्हणेन. नसेल तर कोणत्या तोंडानं म्हणू? सोमवारी सांगायचंय."

मी पहिल्यापासून तापट नि उतावळा. "गिअरबॉक्स गेला, उतरवतो," म्हणत जॅक ओढलासुद्धा.

"थांबा! म्हैस अडली की मी लगेच पोट फाडते का? आधी हात घालून बघते."

घ्या! माझ्याच गॅरेजात मलाच शिकवणी. राग आला, पण बोलणं खरं होतं. मग बाहेरून आत जात तपासायला लागलो. तेल बघितलं, लालभडक, स्वच्छ. बॅटरी, फ्यूज ठीक. गिअरबॉक्सकडं जाणाऱ्या वायरी मीटर लावून एकेक तपासल्या, त्याही धडधाकट. राहिला तो कंट्रोल बॉक्स. गिअर कधी बदलायचा ते हाच ठरवतो. तो डाव्या सीटपुढं, पाय ठेवायच्या चटईखाली.

चटई उचलली आणि अरारारा, काय तो आंबट वास! बॉक्सवर पांढरी खरपुडी, पिनांवर हिरवा गंज.

"बाई, हे सांडलंय तरी काय?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "चीक!"

आमच्याकडं गाय-म्हैस व्याली की पहिल्या दुधाचा चीक डॉक्टरला जातोच. नको म्हणालं तर मालकीण फुरंगटते, "आमच्या म्हशीचं वावडं हाय व्हय बाई?" त्यामुळं बाई एकही किटली परत करायच्या नाहीत. किटली डाव्या सीटपुढं ठेवायच्या, आणि आमच्याकडचे रस्ते काय सांगावेत! मी हसत सुटलो, बाईही हसल्या.

पिना घासून पाहिल्या, उपयोग शून्य. आतली सर्किटची पट्टीच सडली होती. शनिवारी एसटीनं पुण्याला गेलो, जुन्या बाजारात पायपीट केली आणि त्याच नंबरचा बॉक्स अक्षरन्‌अक्षर जुळवून आणला. बाईंसाठी एवढं करावंसं वाटायचंच. रविवारी बॅटरीची वायर काढून बॉक्स बसवला, प्लग घट्ट दाबला, वायर परत जोडून गाडी चालू केली. दिवा विझला.

"चक्कर मारून येते," म्हणून बाई गेल्या, त्या गेल्याच. दुपार टळली. मी दहादा रस्त्यावर जाऊन बघून आलो. गाडी कुठंतरी इंदापूर रस्त्यावर अडकली असणार, आणि उद्या बाई पुण्याला हो म्हणणार.

तेवढ्यात शेजारच्या किराणा दुकानातून फोनसाठी हाक आली. धावत गेलो. सणसरचा एक शेतकरी होता.

"मिस्तरी, बाई हितंच हायती. माझी गाय अडली व्हती, मीच वाटंत आडवा झालो."

"आन गाडी?"

"गाडी? वाऱ्यावानी आली की! बाईंचा हात अजून गाईतच हाय, म्हनून मी बोलतूय. त्या म्हनत्यात, पुण्याला जात न्हाय म्हनून मिस्तरीला सांग."