लॅपटॉपचं झबलं

साखळी न काढता दार उघडायचं, फटीला एक डोळा लावायचा आणि विचारायचं, "एकटाच आलायस ना?" आमच्या समोरच्या ब्लॉकमधले काका सगळ्यांचं स्वागत असंच करत. मुलुंडला आम्ही वर्षानुवर्षं दाराला दार लावून राहिलो, तरी हा प्रश्न विचारल्याशिवाय माझ्यासाठीही साखळी कधी निघाली नाही.

दूधवाला पाणी घालतो, वॉचमन पार्सलं उघडून बघतो, केबलवाला मॅचच्या वेळीच वायर हलवतो. "मला सगळं कळतं. मी बोलत नाही फक्त," असं म्हणून ते अर्धा तास बोलायचे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असे एक काका असतीलच.

स्मार्टफोन त्यांनी घेतला नाही, कारण तो ऐकतो. कॅनडातल्या मुलीशी ते रविवारी सकाळी जुन्या लॅपटॉपवर बोलत, कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी तेवढ्यापुरती काढून. बोलणं रंगात आलं की लॅपटॉप तापून बंद पडायचा. काकांना ते पटत नसे.

"कट करते ती. कंटाळते बापाला."

मग मुलगी लँडलाइनवर फोन लावायची आणि हे उचलायचे नाहीत.

मला ते बघवेना. "काका, लॅपटॉप दुकानात दाखवू या."

"म्हणजे आतले पार्ट बदलून देतील! तुला कमिशन मिळतं काय रे?"

शेवटी मीच तो उघडावा, तोही त्यांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, असं ठरलं. आधी त्यांनी प्रत्येक स्क्रूवर काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. मी स्क्रू बदलले तर कळावं म्हणून.

आपल्याकडे फ्रिज, मिक्सर, टीव्ही, कोणालाच उघडं ठेवत नाहीत. काकूंनी लॅपटॉपलाही जुन्या साडीचं, आत कापूस भरलेलं झबलं शिवलं होतं. काकू गेल्या, झबलं राहिलं. लॅपटॉप चालू असतानाही ते अंगावरून निघत नसे, आणि हवा जायची खालची जाळी त्याखाली पूर्ण झाकलेली. आत पंख्याभोवती धूळ आणि कापसाची गादी जमली होती. मी ब्रशने ती काढली आणि भीत भीत म्हणालो, "काका, हे कव्हर काढावं लागेल. यानेच तापतो तो."

त्यांनी झबलं स्वतःजवळ ओढलं.

"तिच्यावर संशय घेतोस?"

मी ठिपके जुळवून स्क्रू परत लावले. फार वाईट वाटलं.

रविवारी त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. झबलं घडी घालून बाजूला ठेवलं होतं. कॉल सुरू झाला आणि चालूच राहिला. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, आज कट नाही केलात?"

"मी? मी कट करतो?"

"मग कोण? मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं."

काका चष्मा काढून पुसत बसले. मग माझ्याकडे वळले. "तू जा आता. आम्ही घरचं बोलतोय."

गेल्या वर्षी काका गेले. मुलगी घर आवरायला आली, तेव्हा तिने मला लॅपटॉप दाखवायला बोलावलं. झबलं पुन्हा अंगावर होतं. ते उलटं केलं तर खाली जाळीच्या मापाची खिडकी कापलेली, कडा जाड काळ्या दोऱ्याने शिवलेल्या. एकही टाका सरळ नव्हता.

ती त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली.

"हे आईचे टाके नाहीत," ती म्हणाली.