केस क्रमांक अकरा

माझी बायको एका मुलीच्या पीएच.डी.मध्ये आहे. चौथं प्रकरण, केस क्रमांक अकरा. मी स्वतः सातवी पास. त्यामुळे हे सांगितलं की लोकांना वाटतं म्हातारा काहीतरी भलतंच ऐकून आलाय. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी दिल्लीत एका मंत्रालयात दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे शिपायाच्या जरा वर आणि कारकुनाच्या फार खाली. फायली शिवायच्या, फाटलेले कागद चिकटवायचे, त्यासाठी पिठाची खळ शिजवायची, आणि जुन्या फायलीवर साहेबानं ‘नष्ट करावी’ असं लिहिलं की ती पोत्यात भरून द्यायची. आर. के. पुरमला दुसऱ्या मजल्यावर आमचं सरकारी क्वार्टर होतं. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि हिनं त्या क्वार्टरमधून डबे सुरू केले.

तेव्हा गुडगावला काचेच्या बिल्डिंगा उठत होत्या. पुण्या-मुंबईची पोरं तिथल्या कंपन्यांत यायची. गुडगावला काच भरपूर होती, पण पाणी नव्हतं आणि भाजी नव्हती, म्हणून बरीच जण राहायला आमच्या बाजूला मुनिरकात. सकाळी कंपनीची गाडी रिंग रोडच्या कोपऱ्यावर यायची, त्याआधी ती आमच्या जिन्यात येऊन डबा घेऊन जायची. मराठी जेवण.

आता सरकारी क्वार्टरमध्ये धंदा करायला बंदी. कळलं तर क्वार्टर जाणार. पण आमच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक मजल्यावर काही ना काही होतंच. कोणी खोली भाड्यानं दिलेली, कोणी ब्लाउज शिवायची, कोणी शिकवण्या घ्यायचा. त्यामुळे एक रीत पडली होती. फाइल घेतलेला अनोळखी माणूस जिना चढायला लागला की तळमजल्यावरची गढवाली भाभी कलथ्यानं पाण्याचा पाइप वाजवायची. टण टण टण. लगेच वरचा भाडेकरू चुलतभाऊ व्हायचा, शिवणयंत्रावर चादर पडायची आणि आमचे डबे दिवाणात जायचे. तपासनीस काहीही विचारो, सगळ्या ब्लॉकचं उत्तर एकच. कुछ नहीं साहब.

आमच्याकडून डबा नेणाऱ्या पोरांतल्या एकाची बहीण गुडगावच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती. तिनं मला प्रबंधाचं नाव वाचून दाखवलं. उदारीकरणानंतरच्या नव्या उपनगरांभोवतीचे घरगुती उद्योग, त्यांचं व्यवस्थापन, मनुष्यबळ आणि सरकारी धोरणापुढची आव्हानं. मी म्हटलं, “बाई, हे नाव फायलीच्या कव्हरावर मावायचं नाही.”

मुलाखत आहे म्हणून ही चांगली साडी नेसून बसली. मी खाटेवर पेपर घेऊन ऐकत होतो.

“काकू, तुमच्या उद्योगात मनुष्यबळ किती?”

“मी. आणि हे अर्धे.”

“अर्धे कसे?”

“कांदा चिरतात, पण सांगावं लागतं.”

मुलीनं लिहिलं, दीड.

“निर्णय कोण घेतं?”

“भाजीवाला. त्याच्याकडे दुधी असला की दुधी.”

“आणि पाच वर्षांनी हा उद्योग कुठे असावा, असं वाटतं?”

हिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, “कुठे म्हणजे? इथेच. फक्त संध्याकाळी सगळे डबे झाकणासकट परत यावेत.”

मला हसू फुटलं. ही माझ्यावर डाफरली, “अहो, हसताय काय? मुलाखत चाललीय माझी.”

तीन तास चाललं ते. मी तिला तीन तास कधी काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर आठव्या महिन्यात बायको गेली. ताप आला, डेंगी निघाला, पाचव्या दिवशी हॉस्पिटलात मला तिच्या बांगड्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. एवढंच लिहितो. जास्त लिहायला गेलो तर पुढचं राहून जाईल.

तेरावं झाल्यावर ती पीएच.डी.वाली मुलगी आली. रडली. चहा घेतला. मग बॅगेचा पट्टा गुंडाळत म्हणाली, “काका, एक सांगायचं होतं. वर्षाच्या अंतरानं प्रत्येक उद्योग दोनदा बघायचा, असा नियम आहे. दुसऱ्या वेळी जो बंद असेल, ती केस काढून टाकतात.”

“काढून टाकतात म्हणजे?”

“पूर्णच. काकूंची चौदा पानं झाली होती.”

काढून टाकलेल्या कागदाचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको. जन्मभर मीच पोती भरली. तिच्या नावावर घर नव्हतं, नोकरी नव्हती, कुठल्या कागदावर ती आली असेल तर माझ्या मागे, रेशनकार्डावर. चौदा पानं फक्त तिची होती.

मी म्हटलं, “धंदा चालू आहे, असं लिही.”

“काका, खोटं नाही लिहिता येत.”

“खोटं कुठाय? उद्यापासून चालू.”

मला स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी नऊ डबे भरले आणि जिन्यात उभा राहिलो. संध्याकाळी पोरं डबे द्यायला आली.

“काका, ती भाजी कशाची होती?”

“खाल्लीस ना?”

“खाल्ली. म्हणूनच विचारतोय.”

दुसरा म्हणाला, “यार, पोळीवर माझ्या मॅनेजरनं सही करून बघितली. पेन चाललं.”

त्यांच्यात एक जण मुंबईचा, कंपनीत कसली कसली ट्रेनिंगं घ्यायचा. रविवारी त्यानं मला खाटेवर बसवलं आणि समोर उभा राहून विचारलं, “काका, तुम्हाला नोकरीत काय चांगलं जमतं? एकच सांगा.”

“खळ.”

“म्हणजे?”

“पीठ पाण्यात कालवायचं, ढवळत ढवळत शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तो म्हणाला, “काका, हे तर पिठलं झालं.”

त्या दिवसापासून रोज पिठलं. सोमवार ते रविवार. गुठळीचं नाव नाही. सोबत नाक्यावरच्या तंदूरवाल्याची रोटी. पोरांनी तक्रार केली नाही, असं म्हणणार नाही. त्यांनी केली आणि मी ऐकली नाही. तरी एकानंही डबा बंद केला नाही. गुडगावला एका काचेच्या बिल्डिंगचा बिहारी गार्ड म्हणे वाट बघायचा, आज भी पीला वाला है क्या?

मधे एकदा ती मुलगी बघायला आली. तिनं रकाना काढला. मनुष्यबळ.

मी म्हटलं, “अर्धं.”

तिनं पेन उचललं. मग म्हणाली, “आता सांगायला कोणी नाही ना काका?” आणि तिनं एक लिहिलं.

पहिल्या मुलाखतीला वर्ष भरत आलं. तिच्या गाइडनं ठरवलं की शेवटची तपासणी तो स्वतः करणार, कारण आधीच्या कुठल्या तरी विद्यार्थ्यानं सगळे उद्योग घरात बसून रचले होते. तिनं मला सांगितलं, रविवारी अकराला सरांना घेऊन येते.

रविवारी पावणेदहाला पाइप वाजला. टण टण टण.

मी दारातून खाली बघितलं. सफारी सूट, काखेत फाइल. माझ्या डोक्यात गाइड आलाच नाही. गाइड अकराला येणार होता, मुलीबरोबर येणार होता. माझ्या हातांनी आपोआप डबे दिवाणात टाकले. पिठल्याचं पातेलं तेवढं गॅसवर राहिलं, नऊ जणांचं.

“यहाँ टिफ़िन का काम चलता है?”

“नहीं साहब. बिल्कुल नहीं.”

“पहले चलता था?”

“कभी नहीं चला.”

“आपकी वाइफ़ करती थीं, ऐसा सुना है.”

“ग़लत सुना है साहब. वो तो घर में रहती थी. कुछ नहीं करती थी.”

हे मी म्हणालो. जीभ अडखळली नाही.

त्यानं पातेल्याकडे बघितलं. “इतना सारा किसके लिए?”

“मेरे लिए. सुबह भूख बहुत लगती है.” आणि शंका राहू नये म्हणून ताटली घेऊन खायला बसलो. एक ताटली संपली तरी तो बघतोय. दुसरी घेतली. एवढ्यात भाभी वर आली आणि न विचारता म्हणाली, “भाईसाहब बहुत खाते हैं जी. जब से भाभीजी गईं, तब से और ज़्यादा.”

त्यानं एक छापील कागद पुढे केला. त्यात एका चौकोनात खूण करायची होती, या पत्त्यावर उद्योग नाही. मी खूण केली, सही केली, तारीख टाकली. सहीखाली तारीख टाकल्याशिवाय मला चैनच पडत नाही. मग तिसरी ताटली घेतली.

तेवढ्यात ती मुलगी धापा टाकत वर आली. “सर! आप इतनी जल्दी? काका, हे माझे गाइड.”

पिठलं माझ्या घशातच बसलं.

गाइड तिला म्हणाला, “मैडम, यहाँ कोई एंटरप्राइज़ नहीं है. लिखकर दिया है इन्होंने. आपने भी घर बैठकर बनाया है?”

तिचा चेहरा उतरला. मी दिवाण उघडून डबे बाहेर काढले. तो म्हणाला, बर्तन तो हर घर में होते हैं. मी भाभीला म्हटलं, भाभी, सच बता दो, डर नहीं है. भाभीला वाटलं मी इशारा करतोय. तिनं कानाला हात लावला. “राम राम! इनके यहाँ कभी कुछ नहीं चला.” वरच्या मजल्यावरचा शिकवणीवाला न बोलावता खाली आला आणि त्यानंही तेच सांगितलं. मुंबईचा ट्रेनिंगवाला रविवारचा डबा न्यायला आला, फाइल बघितली आणि रिकामी पिशवी पाठीमागे लपवून म्हणाला, “मी असाच, काकांची तब्येत बघायला आलो होतो.”

पंधरा मिनिटांत सगळ्या ब्लॉकनं साक्ष दिली की माझ्या बायकोनं आयुष्यात काही केलं नाही. सगळे आमच्या भल्यासाठीच बोलत होते.

गाइडनं फाइल बंद केली. “केस निकाल दीजिए, मैडम.”

मी म्हटलं, “साहब, एक मिनट. एक काग़ज़ दीजिए.”

त्यानं दिला. मी हिंदीत लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, पानभर झालं. मी अमुक मंत्रालयात दफ्तरी, लिहून देतो की या सरकारी क्वार्टरमधून माझ्या बायकोनं सात वर्षं डब्यांचा धंदा केला. नियमाविरुद्ध केला आणि मला माहीत होतं. ती गेल्यावर मी चालवतो. ती काही करत नव्हती, असं मी मघाशी बोललो, ते खोटं. खाली सही, तारीख, क्वार्टरचा नंबर.

त्यानं दोनदा वाचलं. “आपको पता है, ये काग़ज़ किसी को मिल गया तो क्वार्टर जाएगा? नौकरी भी जा सकती है.”

“पता है.”

“रिटायरमेंट में कितना टाइम है?”

“दो साल.”

“फिर क्यों लिख रहे हैं?”

“आप उसको निकाल रहे थे.”

तो बसला. त्यानं आधीचा कागद काढला आणि हा त्यावर ठेवून दोन्हींना टाचणी मारली. मग चष्मा पुसत म्हणाला, “घबराइए मत. थीसिस कोई पढ़ता नहीं है. आपका क्वार्टर सेफ़ है.”

जीव भांड्यात पडला आणि रागही आला. कोणी वाचत नाही, तर मी चार महिने ढवळत काय होतो? पण ते त्याला बोललो नाही. तो कागद घेऊन गेला.

क्वार्टर गेलं नाही. मी नियमानं रिटायर झालो, नियमानं खाली केलं.

पुढे ती मुलगी डॉक्टर होणार होती, त्याआधी प्रबंध बाइंडिंगला द्यायच्या आदल्या आठवड्यात घरी आली. कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन तिनं चौथं प्रकरण उघडलं आणि इंग्रजीतलं मला मराठीत सांगत गेली. दुधी होता, भाजीवाला होता, झाकणासकट परत यावेत हेही होतं. बायको चौदाच्या चौदा पानं होती. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. त्या तिनं वाचल्या नाहीत.

“हे काय आहे?”

“तळटीप आहे काका. सरांनी घालायला लावली.”

“वाच.”

तिनं वाचलं, “उद्योजिकेच्या पतीनं सुरुवातीला उद्योगाचं अस्तित्व नाकारलं. नंतर लेखी कबूल केलं.”

मी त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. तिला वाईट वाटलं असावं. “काका, हवं तर मी सरांशी बोलते. काढता येईल अजून.”

मी म्हटलं, “यातलं काही काढायचं नाही.”