टायगरच्या फोटोतले पप्पा

"कुत्रा आमचाच हाय. ह्यो मानूस आमचा न्हाय." उत्तन गावाहून आलेल्या आजींनी माझ्या सिल्व्हर पार्कच्या स्टुडिओत कॅनव्हाससमोर उभं राहून निकाल देऊन टाकला.

कॅनव्हासवर त्यांचे गेलेले यजमान होते, पायाशी त्यांचा टायगर. रविवारी वर्षाची मिस्सा, म्हणजे त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाची चर्चमधली प्रार्थना होती आणि त्याआधी चित्र घरात लागायला हवं होतं. मुलाने, विल्सनने, दोन फोटो दिले होते. पप्पांचा सुटातला, टचअप केलेला. टायगरचा मोबाइलवरचा, हललेला.

माणसाचं पोर्ट्रेट मी पातळ रंगात करते. ब्रशचा फटकारा दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. सुरकुत्या कमी करा, रंग जरा उजळ करा, सुरूच असतं. कुत्र्यामांजरांचे असले नखरे नसतात. तिथे मी पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लिंपायची छोटी पाती घेते आणि जाड रंग केसांच्या दिशेने बिनधास्त ओढते. त्यामुळे टायगर आता उठून अंगावर येईल असा झाला होता. पप्पा मात्र लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे अवघडून बसले होते.

विल्सन म्हणाला, चेहरा तर सेम आहे. मलाही तेच वाटत होतं, आणि रागही आला होता.

आजी स्टुलावर बसल्या. "मना त्याचा तोंड आठवत न्हाय आता," त्या हळूच म्हणाल्या. "डोले मिटले का त्यो सुटातलाच दिसते."

माझा राग तिथेच उतरला.

टायगरचा फोटो मी कापून वापरला होता. मोबाइलवर तो पूर्ण उघडला. कडेला पप्पा उकिडवे बसलेले, शर्टाची वरची बटणं उघडी, हातात बोंबलाचं डोकं, हसून डोळे बारीक झालेले. आजी फोन हातातून सोडेनात.

"मॅडम, चित्रात असं नको. मिस्साला लोक येतील," विल्सन म्हणाला. मी ऐकलं नाही. सुटातला ओला चेहरा पातीने खरवडून काढला आणि टायगरसारखाच जाड रंग ओढत पप्पा नव्याने केले.

शनिवारी आजी आल्या. कॅनव्हाससमोर गेल्या. मग माझ्याशी नाही, चित्राशी बोलल्या.

"बटन लाव रं. लोक येनार हायेत."

बटण मी लावलं नाही. हल्ली माणसाची ऑर्डर आली की आधी विचारते, घरात कुत्रा होता का? असला तर त्याच्यासोबतचा फोटो द्या. त्यात माणूस कॅमेऱ्याकडे बघत नसतो.